तक्रार: वर्गणी संपताच मी स्वतः बांधलेला कसारा घाटाचा रूट उघडत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ट्रेन सिम्युलेटर, ग्राहक सेवा विभाग

विषय: आवृत्ती न जुळल्याने बंद पडलेला रूट, निरुपयोगी झालेली इंजिनं आणि वर्गणीची अपुरी माहिती

महोदय/महोदया,

मी नाशिक रोडला राहतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी तुमच्या ट्रेन सिम्युलेटरचं कायमचं लायसन्स पूर्ण पैसे भरून घेतलं. तेव्हापासून संगणकावर रेल्वे चालवायचा हा खेळ मी खेळतो त्यापेक्षा जास्त त्यात रूळ टाकतो. कसारा ते नाशिक रोड हा साधारण ६७ किलोमीटरचा रूट मी रात्री जागून बांधला आहे.

हा रूट माझ्यासाठी काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढची तक्रार नीट कळेल. माझे वडील इगतपुरीला बँकर इंजिनावर होते. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना घाटाची चढण ३७ ला १ आहे. म्हणून गाडीच्या मागे बँकर लावून तिला वर ढकलावं लागतं. वडील माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सिग्नल कुठे, बोगद्यातून बाहेर पडताच दरी कोणत्या हाताला, तिसरी लाइन कुठून फुटते हे एकेक करून सांगायचे. इगतपुरीला डीसी वीज संपून एसी सुरू व्हायची आणि इंजिन बदलायचं, तो काळ त्यांना हवा होता, म्हणून स्टेशन त्या काळातलं केलं. उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासायला जिथे थांबतात ती जागा त्यांनी तीनदा बदलायला लावली.

गेल्या वर्षी मी तुमची वार्षिक वर्गणी घेतली, त्याचं कारण एकच. नव्या आवृत्तीत एकाच गाडीचं पुढचं आणि मागचं इंजिन दोन वेगवेगळ्या लोकांना चालवता येतं. पुण्याहून भाचा पुढचं इंजिन चालवायचा आणि इथे वडील बँकर. पुढच्याची शिट्टी ऐकू आल्याशिवाय ते नॉच देत नसत, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवत नसत. निवृत्तीनंतर त्यांना घाट चढताना मी पहिल्यांदा पाहिलं. या सोयीबद्दल मी तुमचे मनापासून आभार मानतो आणि ते पैसे वाया गेले असं आजही म्हणत नाही.

पण वर्गणी संपली आणि मी माझ्या कायमच्या लायसन्सवर परत आलो, तर रूट उघडेना. ‘हा रूट नवीन आवृत्तीत बनवलेला आहे’ एवढाच संदेश येतो. झालं असं की वर्गणीच्या काळात मी रूट नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केला, त्याच क्षणी त्याचा बिल्ड क्रमांक (आवृत्तीचा क्रमांक) वर गेला आणि जुनी आवृत्ती तो वाचेनाशी झाली. सेव्ह करताना एका ओळीचीही सूचना आली नाही. माझ्याकडचा बॅकअप त्याच्या सात महिने आधीचा आहे. म्हणजे घोटी, पाडळी, अस्वली, लहवित हा सगळा पट्टा गेला.

याहून वाईट गोष्ट इंजिनांची. मालगाडीच्या इंजिनांचा संच मी वेगळे पैसे देऊन, वर्गणीच्या कितीतरी आधी घेतला होता. वर्गणीच्या काळात तो आपोआप अपडेट झाला आणि आता जुन्या आवृत्तीत ती इंजिनं ‘सापडत नाहीत’ असं दिसतं. विकत घेतलेली वस्तू तुम्ही मला न विचारता अशा रूपात बदललीत की ती माझ्याच गेममध्ये चालत नाही.

यावर तुमच्या मदत केंद्राने दिलेलं उत्तर होतं, ‘वर्गणी पुन्हा सुरू करा.’ या उत्तरानेच मला हे पत्र लिहायला लावलं. नवी फाइल जुन्या प्रोग्रामला वाचता येत नाही, हे तांत्रिक कारण मला मान्य आहे. जमिनीचा पोत, सावल्या, दोन चालकांची सोय हे जुन्यात नसेल तर नसू द्या. पण रूळ, चढण, सिग्नल आणि फलाट तर जुन्यातही होते! नवं काढून बाकीचं जुन्या आवृत्तीसाठी सेव्ह करायची सोय साध्या पत्र लिहायच्या प्रोग्राममध्येसुद्धा असते. २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी लोकांनी बनवलेले रूट ओपन रेल्स हा मोफत प्रोग्राम आजही चालवतो, आणि तो स्वयंसेवकांनी तयार केला आहे. पैसे घेणाऱ्या कंपनीने निदान इतकी आस्था ठेवावी.

वर्गणीच्या पानाबद्दलही सांगायला हवं. तिन्ही योजनांच्या तक्त्यात ग्राफिक्स आणि मोफत इंजिनं यांची तुलना आहे. पण कोणत्या योजनेत सेव्ह केलेला रूट पुढे कशात उघडेल, हे कुठेच नाही. वर्गणी बंद करायचं बटण मला गेममध्ये सापडलं नाही. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी बँकेचा मेसेज आला म्हणून कळलं, आणि मी यूपीआय ॲपमधूनच ऑटोपे रद्द केला. केंद्र सरकारने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या मांडणीविरुद्ध, काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत वर्गणीचा सापळा (बंद करायला अवघड केलेली वर्गणी) स्पष्ट नोंदलेला आहे, तो आपण वाचावा.

माझा रूट जुन्या आवृत्तीत उघडेल अशा रूपात मला परत द्यावा. ते लगेच जमत नसेल, तर सोय होईपर्यंत तो उघडण्यापुरती नवी आवृत्ती विनामूल्य सुरू ठेवावी. इंजिनांच्या संचाची मी विकत घेतलेली जुनी प्रत द्यावी, नाहीतर त्याचे पैसे परत करावेत. आणि सेव्ह करण्याआधी ठळक सूचना दाखवावी. ही शेवटची मागणी माझ्यापुरती नाही, माझ्यासारखे रूट बांधणारे आणखी कितीतरी जण आहेत.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. खरेदीच्या पावत्या, त्रुटीच्या संदेशाचे स्क्रीनशॉट आणि मदत केंद्राचं उत्तर सोबत जोडलं आहे.

एक गोष्ट मात्र महिनाभर थांबू शकत नाही. वर्गणी संपल्यापासून ९० दिवसांनी सर्व्हरवरची माझी प्रत पुसली जाईल, असा तुमचा मेल आला आहे. घोटी ते लहवितचं काम आता फक्त त्याच प्रतीत उरलं आहे. या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ती पुसू नये आणि तसं मला आजच लेखी कळवावं, ही विनंती.

आपला ग्राहक,
नाशिक रोड, नाशिक