जिवाणू खतांची क्षमता जिवंत पेशींवर मोजावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिवाणू खतांचे उत्पादन वाढविण्याविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. हे उत्पादन वाढलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र लेखात क्षमतेचा सारा हिशेब लिटर आणि टनांत मांडला होता, आणि अनेक वर्षे रायझोबियमच्या (कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतले नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या) निर्मितीत काम केल्यामुळे मी तेथेच अडखळले.

जिवाणू खत हा जिवंत माल आहे. फ्लास्कमधले पाव लिटर संवर्धन (पोषक द्रवात वाढवलेले जिवाणू) हजार लिटरच्या टाकीपर्यंत न्यायचे, तर मध्ये दोन-तीन टप्पे घ्यावे लागतात, कारण प्रत्येक टप्प्यावर माध्यमाच्या, म्हणजे पोषक द्रवाच्या, साधारण ५ ते १० टक्के ताजे विरजण लागते. फ्लास्क हलता ठेवला की हवा पुरते. मोठ्या टाकीत प्राणवायू सर्वत्र पोहोचविणे, फेस आवरणे आणि तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसला राखणे ही रोजची कसरत होते.

सर्वांत मोठा धोका परक्या जिवाणूंच्या शिरकावाचा. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे ब्रॅडीरायझोबियम दुप्पट व्हायला सहा तासांहून अधिक वेळ घेते, तर सैल झडपेतून शिरलेला बॅसिलससारखा परका जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो. आमची एक अख्खी टाकी अशीच गेली. द्रव नेहमीसारखाच गढूळ होता, वासातही फरक नव्हता. पण काँगो रेड (रायझोबियम फारसा शोषत नाही असा लाल रंग) घातलेल्या तपासणीच्या प्लेटवर दुसऱ्याच दिवशी लाल ठिपके उगवले. ब्रॅडीरायझोबियमच्या दुधट, चिकट वसाहती इतक्या लवकर दिसतच नाहीत. टाकी ओतून दिली, महिन्याचे उद्दिष्ट बुडाले, आणि ते योग्यच झाले असे मी आजही मानते.

टाकीतून बाहेर पडल्यावरही जोखीम संपत नाही. रायझोबियम बीजाणू (प्रतिकूल काळात तग धरणारे कणखर रूप) तयार करत नाही, त्यामुळे तापलेल्या गोदामात त्याची संख्या झपाट्याने घटते. जिवाणू ज्या भुकटीत मिसळून विकतात, ते लिग्नाइट किंवा पीट नीट निर्जंतुक केलेले नसेल, तर त्यातलेच जीव त्याला हुसकावतात. म्हणून वाढीव टाक्यांसोबत तपासणी प्रयोगशाळा आणि थंड साठवण यांचीही तरतूद व्हावी, आणि पाकिटावर वापराच्या अंतिम तारखेला किती जिवंत पेशी असतील याची हमी, जिवाणूचा वाण व पीक हे स्पष्ट छापणे बंधनकारक करावे.

शेतकऱ्यालाही पडताळणी करता येते. कडधान्य किंवा सोयाबीन फुलोऱ्यात येताना रोप मुळासकट अलगद खणून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला, तर नत्र स्थिरीकरण चालू आहे. गाठी जमिनीतल्या मूळच्या जिवाणूंच्याही असू शकतात, म्हणून तुलनेसाठी बीजप्रक्रिया न केलेल्या, म्हणजे बियाण्याला जिवाणू खत न लावलेल्या, दोन ओळी शेजारी ठेवाव्यात. एवढी माहिती तरी आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाचक