पार बांधा, पण झाड गाडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुशोभीकरणाच्या नावाखाली खान्देशात अनेक गावांचे पार सिमेंटने मढवले जात आहेत. पारावर बसायला ना चहा घ्यावा लागतो, ना कारण सांगावे लागते. कापसाचा भाव, विहिरीचे पाणी, पोरीची सोयरीक, सगळे तिथेच निघते. ही बैठक कशावर टिकते, ते मात्र अंदाजपत्रकात कुठेच नसते.

पहिली गोष्ट रुंदीची. कडेचा कट्टा फूटभर असला की माणसे पाय सोडून बसतात, एकमेकांकडे पाठ करून. अडीच-तीन फूट असला की मांडी घालून समोरासमोर बसता येते. गप्पा तिथे होतात. उंची दीड फूट पुरे. जुना पार तीन फूट उंच असेल, तर अर्ध्यावर एक रुंद पायरी द्या. म्हाताऱ्यांचे गुडघे तेवढे मागतात.

दुसरी, आणि खरी चूक, बुंध्याची. कट्ट्याच्या उंचीपर्यंत माती भरून वर काँक्रीट ओतले की मुळांना हवा मिळत नाही आणि मातीत गाडलेली साल ओलीने कुजते. झाड लगेच मरत नाही. शेंडा वाळत जातो, मग एखाद्या वादळात ते उन्मळते, आणि तोवर ठेकेदाराचे बिल केव्हाच निघालेले असते. बुंध्याभोवती चहूबाजूंनी किमान एक मीटर जमीन उघडी हवी, तीही मूळच्याच पातळीवर. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी एवढ्याच अंतरातले काँक्रीट काढायला लावले होते.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा अखंड सिमेंटचा कट्टा तिच्याबरोबर हलत नाही, तडकतो. त्यापेक्षा कोरडी, म्हणजे सिमेंट-चुन्याशिवायची, दगडी रचाई बरी. दगड थोडे सरकतात, पण पुन्हा बसवता येतात, आणि फटींतून पाणीही मुळांकडे जाते. पाया खोदताना मनगटाएवढे मूळ लागले तर तोडू नका, त्यावरून दगडाची कमान घ्या. वर खडबडीत शहाबादी फरशी टाका आणि सांध्यांत रेती भरा. गुळगुळीत टाइल्स पावसात घसरवतात. देणगीदाराच्या नावाची लोखंडी बाके मे महिन्यात, 44-45 अंशांत, नुसती नाव वाचण्यापुरतीच उरतात.

रस्ता मोकळा करताना निंबाची आडवी जाड फांदी आधी छाटली जाते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींचा झोका तिलाच बांधायचा असतो, हे छाटणाऱ्याला सांगायला हवे.

आणि पार बहुधा पुरुषांचाच असतो, हेही बोलू या. बायकांसाठी गल्लीत एक ओटा मागा. दक्षिणोत्तर गल्ली असेल तर तो पश्चिमेकडच्या घरांना लागून घ्या. दुपारनंतर तिथे सावली पडते, आणि बायकांना थोडी उसंत मिळते तीही त्याच वेळी.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पाराच्या कामाचे अंदाजपत्रक वाचायला लावा. कट्ट्याची रुंदी, बुंध्यापासूनचे अंतर, भरावाची उंची हे तीन आकडे त्यात नसतील, तर ते लिहून घेतल्याशिवाय ठरावाला हात वर करू नका.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव