वहिनींच्या रिपोर्टमधला '१+'

आर्वी, जि. वर्धा

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

वहिनींचा स्तनाचा कर्करोग यकृतात पसरला असून केमो आता लागू पडत नाही, हे तुझ्या पत्रातून कळले. सोबतचा बायोप्सीचा रिपोर्ट मी नीट वाचला. त्यात 'हर-२ निगेटिव्ह' असे ठळक छापले आहे, पण त्याखाली बारीक अक्षरांत '१+' असा शेरा आहे आणि त्याबद्दल तुम्हाला कोणीही काही सांगितलेले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

हर-२ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन असून तपासणीत ते ० ते ३+ असे मोजतात. पूर्वी ३+ किंवा फिश तपासणीत (हर-२ च्या जनुकाची तपासणी) पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णांनाच त्यावरची औषधे देत. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटिकॅन या नव्या औषधामुळे २०२२ पासून हे चित्र बदलले. यात अँटीबॉडीला, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूला, एका रासायनिक दुव्याने केमोचे जहाल औषध जोडलेले असते. अँटीबॉडी हर-२ ला चिकटते, पेशी तिला आत ओढून घेते आणि आत दुवा तुटून औषध मोकळे होते.

रक्ताच्या कर्करोगात हे त्यामानाने सोपे असते, घट्ट गाठीत मात्र कठीण. अँटीबॉडीचा रेणू मोठा असल्यामुळे रक्तवाहिनीलगतच्या पेशीच तो अडवून धरतात, आणि कालव्याचे पाणी वरच्या वावरांतच मुरून टेलपर्यंत पोचू नये, तशी गाठीच्या गाभ्याची गत होते. घट्ट गाठींसाठी २०१३ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा मान्यता मिळालेल्या ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन या याच प्रकारच्या जुन्या औषधामध्ये एका अँटीबॉडीवर औषधाचे सरासरी साडेतीन रेणू असतात आणि ते सुटल्यावर बहुतांशी त्याच पेशीत अडकून राहतात. नव्या औषधात सुमारे आठ रेणू असतात, शिवाय सुटलेले औषध पेशीचे आवरण ओलांडून शेजारच्या, हर-२ नसलेल्या पेशींनाही मारते. म्हणूनच '१+' एवढे थोडे प्रथिनही पुरते.

वहिनींसारख्या, रोग पसरलेल्या आणि केमो होऊन गेलेल्या रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या केमोवर रोग सुमारे ५.१ महिने आटोक्यात राहिला, या औषधावर ९.९ महिने, आयुष्यमान १६.८ वरून २३.४ महिन्यांवर गेले. रोग मुळापासून बरा होतो असे मी म्हणणार नाही, पण हा काळ थोडा नाही.

एक धोका मात्र पक्का ध्यानात ठेव. त्याच चाचणीत सुमारे १२ टक्के रुग्णांच्या फुप्फुसांना सूज आली आणि काही थोडे त्यात दगावलेही. औषध सुरू झाल्यावर कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर कापूस वेचताना धूळ गेली असेल असे समजून खोकल्याची बाटली देऊ नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

खर्च मोठा आहे. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात यावरचे आयात शुल्क माफ झाले, तरी किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरच आहे. म्हणून वावर विकायचा विचार आत्ताच मनात आणू नकोस. आधी रिपोर्टची खात्री करू, मग कंपनीच्या मदत योजनेची चौकशी मी स्वतः करीन.

ज्या लॅबने तपासणी केली तिथे लेखी अर्ज देऊन बायोप्सीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या फेरतपासणीसाठी मागून घे. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नकोस. यकृतातल्या गाठीची नवी बायोप्सी घ्यावी का, हेही नागपूरच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारू, कारण पसरलेल्या गाठीत हर-२ चे प्रमाण कधी कधी बदलते. वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दिलीप