नऊ वाजताच्या बातम्या आम्हाला परत द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आम्ही इथे बडोद्यात मोबाईलवर वाचतो. पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, पण गेले दोन महिने हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. आमच्या केबलवर जे लोकल चॅनेल लागतं त्यांनी रात्री नऊचं बुलेटिन बंद केलंय आणि त्याच्या जागी पॉडकास्ट सुरू केलाय. दोन तरुण मुलं सोफ्यावर बसतात, तोंडासमोर मोठाले माईक, मागे निळा-जांभळा लाईट, आणि पाऊण तास गप्पा चालतात. तेच यूट्यूबवर पण येतं, तिथलं लोकांनी बघावं म्हणूनच हे सगळं केलंय असं केबलवाला म्हणाला. बुलेटिन गुजरातीत असायचं, पण आमच्या तीन पिढ्या इथल्या, भाषेचा प्रश्नच नाही.

मी कारेलीबागला राहते, तळमजल्यावर, घरात सासूबाई आहेत, वय ८२. विश्वामित्री नदीचं पाणी म्हणजे काय हे बडोदेकराला सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. २०२४ ची गोकुळाष्टमी, २६ ऑगस्ट, सोमवार. दिवसभर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रात्री नऊला बुलेटिन लावलं तर त्यांचा रिपोर्टर रेनकोट घालून काळा घोडा पुलावर उभा, माईकला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, वाऱ्याने अर्धे शब्द ऐकू येत नव्हते, पण नदी किती फुटांवर आहे, आजव्याच्या धरणात पाणी किती आहे आणि कुठल्या कुठल्या भागातल्या लोकांनी सामान वर घ्यावं एवढं त्याने दोनदा सांगितलं. सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "पाणी येणार गं, चल उठ." आम्ही तिघांनी फ्रीज पलंगावर चढवला, कागदपत्रं, गहू-तांदळाचे डबे, औषधं सगळं माळ्यावर टाकलं आणि रात्रीच वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. दुसऱ्या दिवशी नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फूट आहे, म्हणजे बघा. मग लाईट गेली, टीव्ही काय नि काय, सगळंच बंद, मगरी वस्तीत फिरत होत्या. पण आमचं जे वाचलं ते आदल्या रात्रीच्या त्या पाच मिनिटांमुळे वाचलं, हे मी कोणालाही सांगेन.

आता या जुलैमधली गोष्ट. असाच दोन दिवस लागून पाऊस, नऊ वाजता सवयीने चॅनेल लावलं तर एक पाहुणे त्यांनी धंदा कसा वाढवला ते सांगत होते. माणूस चांगला होता, बोलत पण छान होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खाली पट्टी नाही, पातळी नाही, काही नाही. सासूबाई मला विचारत राहिल्या, "बातम्या कधी लागणार?" मी पाऊण तास बसले, शेवटी शेवटी एकाने म्हटलं की पाऊस फार आहे, सगळ्यांनी काळजी घ्या, आणि डिटेल खालच्या लिंकमध्ये आहे. टीव्हीवरच्या लिंकवर ८२ वर्षांच्या बाईने बोट कुठे ठेवायचं? नशिबाने त्या वेळी पाणी आलं नाही.

दुसरा प्रकार त्याहून वाईट वाटला. गप्पांच्या ओघात त्यातला एक बोलून गेला की आमच्या भागात दोन दिवस पाणी येणार नाही असं ऐकलंय. झालं, आख्ख्या गल्लीने टाक्या, बादल्या, पातेली भरून ठेवली, समोरच्या आजोबांनी तर टँकरचे पैसे पण देऊन टाकले. सकाळी नळाला नेहमीसारखं पाणी. बुलेटिनमध्ये अशी चूक झाली असती तर दुसऱ्या दिवशी अँकरने दिलगिरी सांगितली असती, आधी दोनतीनदा मी स्वतः ऐकलीये. इथे तो एपिसोड अजूनही तसाच यूट्यूबवर पडलाय. गप्पा मारताना "ऐकलंय" चालतं, बातमीत नाही चालत, कुणीतरी ऑफिसात फोन करून विचारायला लागतं.

माझं खरं दुखणं तेच आहे, की जाऊन विचारणारा माणूसच गेला. त्या पुलावरच्या रिपोर्टरला कामावरून कमी केलं असं कळलं. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर कितीतरी महिने हेच चॅनेल त्या आईवडिलांकडे जात होतं, कोर्टात काय झालं ते सांगत होतं, कधी दोनच वाक्यं असायची पण असायची. पॉडकास्टमध्ये एकदा पाहुणा बोलावला, रडला, आपण पण रडलो, व्ह्यूज आले. पुढच्या तारखेला कोर्टाबाहेर कोण उभं राहणार?

मला माहीत आहे की काळ बदललाय. नेटवर वाचलं, अमेरिकेत मे २०२५ मध्ये टीव्ही बघण्यात स्ट्रीमिंगचा, म्हणजे नेटवरून बघण्याचा, वाटा ४४.८ टक्के झाला आणि साधे चॅनेल नि केबल दोन्ही मिळून ४४.२, पहिल्यांदाच मागे पडले. पण तिथेच त्याच वर्षी जानेवारीत ॲलन मीडिया या कंपनीने आपल्या गावोगावच्या स्टेशनांवरचे हवामान सांगणारे काढून ते काम अटलांटाहून करायचं ठरवलं तेव्हा लोक इतके चिडले की काही ठिकाणी निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे मोबाईलवर सगळं बघणाऱ्या लोकांना पण आपल्या गावचं आभाळ बघून सांगणारा माणूस हवाच असतो.

आणि आपल्याला तर अमेरिकेपर्यंत जायची पण गरज नाही. आपल्या शेजारी खेडा जिल्ह्यात पिज गावी १९७५ साली ट्रान्समीटर लावून इस्रोच्या अहमदाबादच्या लोकांनी लोकल टीव्ही चालवला होता, कॅमेरा गावात नेऊन, शेतमजुरांना, बायकांना बोलतं करून. १९८४ ला त्याला युनेस्कोचं बक्षीस मिळालं. गप्पा तिथे पण असायच्या, पण आधी गावात जाऊन यायचे आणि मग बोलायचे.

पॉडकास्ट बंद करा असं मी म्हणत नाही. विश्वामित्रीचं पात्र रुंद करायच्या कामावर तासभर बसून जाणकारांना विचारलं तर मी पहिली बघेन, बुलेटिनच्या दीड मिनिटात ते होत नव्हतंच. माझी मागणी एवढीच की त्याच्या आधी नऊच्या ठोक्याला दहा मिनिटं बातम्या द्या, वाचून दाखवा, पावसाळ्यात पातळीची पट्टी खाली चालू ठेवा, चुकलं तर दुसऱ्या दिवशी सांगा आणि निदान एक रिपोर्टर रस्त्यावर ठेवा. केबलचे पैसे आम्ही अजून दर महिन्याला भरतोय. चॅनेलच्या ऑफिसात मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "फीडबॅक कमेंटमध्ये टाका" असं उत्तर मिळालं. म्हणून कागदावर लिहून आमच्या सोसायटीतल्या २३ घरांच्या सह्या घेतल्यात, सोमवारी स्वतः नेऊन देणार आहे. बाकीच्या सोसायट्यांनी पण द्याव्यात.

आपली,
एक वाचक, कारेलीबाग, बडोदा