लिनक्स सतत क्रॅश होतंय? फॉरमॅट मारायच्या आधी लॉग बघा

संपादक महोदय,

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि ज्यांच्या जुन्या मशीनवर विंडोज 11 चालत नाही अशा बऱ्याच जणांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट नाहीतर उबंटू ही फुकट लिनक्स सिस्टीम टाकली, चांगलंच केलं, पण आता तक्रार येते की स्क्रीन मधेच फ्रीज होते नाहीतर सगळं बंद होऊन परत लॉगिनवर येतं. दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारू. अहो, फॉरमॅट मारला की क्रॅशचं कारण ज्यात लिहिलेलं असतं तो लॉगच पुसला जातो, आणि रॅमच खराब असेल तर परत तेच रडगाणं.

आमच्या वाचनालयातला पीसी दुपारी गर्दीच्या वेळी हमखास अडकायचा. रीस्टार्ट करून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'journalctl -b -1' चालवलं, त्यात आधीच्या बूटचा, म्हणजे रीस्टार्टच्या आधीचा, लॉग दिसतो, आणि शेवटाकडे सरळ लिहिलेलं: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे ब्राउझरचं नाव, म्हणजे रॅम संपली म्हणून सिस्टीमनं ब्राउझर बंद पाडला. रॅम 4 जीबी, आणि पोरं यूट्यूबवर लेक्चर लावून एमपीएससीच्या ढीगभर पीडीएफ उघडून बसलेली, मग दुसरं काय होणार. अजून 4 जीबीची स्टिक टाकली, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवला, आता नीट चालतोय.

दरवेळी रॅमच कमी असते असं नाही. फ्रीज झाल्यावर लगेच पॉवर बटण दाबू नका, कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबा, काळ्या स्क्रीनवर लॉगिन मागितलं तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप पडलाय, मग संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर किंवा डेस्कटॉपला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनवर. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बदलून बघा. अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल लावा. आणि रोज वेगळाच प्रोग्राम पडत असेल, आज ब्राउझर उद्या फाइल मॅनेजर, तर रात्रभर मेमटेस्ट86+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालू ठेवा, एक जरी एरर आली तरी स्टिक एकेक काढून तपासा.

तुमच्या पेपरात मोबाइलवर दर आठवड्याला पान असतं, त्यात एकदा हे सविस्तर छापा ही विनंती. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांनीपण मेमटेस्टचा एक पेनड्राइव्ह दुकानात ठेवावा, मेमटेस्ट फुकटच मिळतो, आणि गिऱ्हाइकाचा डेटा पुसायच्या आधी तो पेनड्राइव्ह एकदा लावून बघावा.

आपला,
एक नियमित वाचक