गोलकीपरला अर्धा तास स्वतंत्र द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात कॉलेज संपलं की फुटबॉलमधल्या गोलकीपरचं खेळणं बहुधा तिथंच थांबतं. पेठेच्या संघात गोलपोस्टखाली जागा एकच आणि ती वर्षानुवर्षं अडलेली. यातले काही जण प्रशिक्षणाकडे वळतात, पण त्यांच्या वाट्याला येतात ती सरावाच्या शेवटची पंधरा मिनिटं. ‘जरा कीपरला घे’ म्हणायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याच्यावर फटके मारायचे. हा सराव फटके मारणाऱ्यांचा झाला, गोलकीपरचा नव्हे.

गोलकीपरला सगळं मैदान समोरून दिसतं, म्हणून तो चांगला प्रशिक्षक होऊ शकतो. कॉर्नेल विद्यापीठाचा गोलकीपर ब्रूस अरेना पुढे व्हर्जिनिया विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला, तिथं पाच राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदं मिळवली आणि २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. आपल्याकडच्या मुलांना निदान सुरुवात तरी नीट मिळावी.

नव्या प्रशिक्षकाची पहिली चूक म्हणजे तो स्वतःच जोरात किक मारत राहतो. फटके मारण्यात गुंतलेल्याला मुलाचे पाय दिसत नाहीत आणि दोष तर बहुतेक वेळा पायातच असतो. समोरचा किक मारतो त्या क्षणी कीपरचे दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यांवर हवं. तो त्या वेळी चालत असेल किंवा टाचांवर असेल तर झेप उशिराच निघते, मग हात कितीही चांगले असोत. म्हणून तीन कीपर एकत्र घ्यावेत. एक गोलमध्ये, दुसरा सहा-सात मीटरवरून हाताने चेंडू टाकणारा, तिसरा चेंडू गोळा करणारा. प्रशिक्षकाने बाजूला उभं राहून बघावं.

झेप शिकवताना आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, शेवटी उभ्याने. अंग कुशीवर, पोटरी, मांडी, कंबर, खांदा अशा क्रमाने टेकावं. कोपर आधी टेकलं तर चेंडू सुटतो आणि दुखापतही होते. एका बाजूला सहा ते आठ झेपा, मग दीड मिनिट विश्रांती. दमलेला मुलगा हमखास कोपरावर पडतो. आपली मैदानं कडक. कोपऱ्यात तीन मीटर लांब-रुंद जागा वीतभर खणून, खडे चाळून, तालमीच्या हौद्यासारखी भुसभुशीत ठेवली तर मुलांची पडायची भीती जाते. तालमींच्या गावात हे अवघड नाही.

कोन समजावायला सुतळी पुरते. दोन्ही खांबांपासून एकेक सुतळी १६.५ मीटरवरच्या चेंडूपर्यंत ताणा. गोलरेषेवर ७.३२ मीटर राखायचे असतात. चार मीटर पुढे आल्यावर दोन सुतळ्यांमधलं अंतर साडेपाच मीटरच उरतं. मुलगा स्वतः पावलांनी मोजतो तेव्हा त्याला पटतं. आणखी पुढे गेला तर डोक्यावरून चेंडू जातो, तेही लगेच दाखवावं.

बारा वर्षांच्या मुलाला २.४४ मीटर उंचीच्या बारखाली उभं करून वरून गेलेल्या गोलबद्दल बोल लावणं अन्यायाचं आहे. आत दोन बांबू रोवून, वर दोरी बांधून १६ बाय ७ फुटांचा गोल करावा.

नियमही बदलला आहे. २०२५ पासून चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर विरुद्ध संघाला कॉर्नर मिळतो. तेव्हा चेंडू पकडणं आणि पाच सेकंदांत मोकळ्या खेळाडूकडे देणं हा एकच सराव मानावा.

संघांनी आणि कॉलेजांनी आठवड्यातून तीन दिवस, मुख्य सरावाआधी अर्धा तास, १० ते १२ चेंडू आणि ठरलेलं मानधन एवढं या माजी गोलकीपरांना द्यावं. पावसाळ्यात सामने नसतात आणि माती मऊ असते. जूनपासूनच हे सुरू करता येईल.

– फुटबॉल प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, कोल्हापूर