यलोस्टोनला जाताय? चिल्लर खिशातच ठेवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानावरचा लेख वाचला. फोटो झकास, पण फोटो कुठून काढायचे तेवढंच सांगितलंय, तिथे वागायचं कसं यावर एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं साधारण दीड तासाने उडतं, ते बघून बहुतेक मंडळी लगेच पार्किंगकडे पळतात. पण लाकडी फळ्यांच्या वाटेने पुढे चालत गेलं की मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड लागतं, ते चुकवू नका. पूर्वी ते निळंशार होतं, आता मधे हिरवट आणि कडेने पिवळं-नारिंगी झालंय, कारण लोकांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी, दगड, वाट्टेल ते टाकलं, खालून गरम पाणी यायची वाट चोंदली, पाणी जरा निवलं आणि कमी उष्णतेत जगणारे रंगीत जिवाणू कडेकडून आत सरकले. १९५० मध्ये कुंड साफ केलं तेव्हा चिल्लर तर निघालीच, वर रुमाल आणि मोजेसुद्धा निघाले (मोजे कोण टाकतं हो!). एवढं सगळं असूनही आम्ही तिथे उभे असताना आपल्याच एका मराठी काकूंनी हात जोडले आणि पर्समधून नाणं काढलं, नशीब मुलाने वेळेत हात धरला.

दुसरं म्हणजे आपल्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत उतरायची सवय. पण आपल्याकडचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, ते कधीच थंड झाले, आपल्या कुंडांतलं पाणी जमिनीत खोल जाऊन तापून वर येतं. यलोस्टोनखाली अजून मॅग्मा (वितळलेला खडक) आहे, कितीतरी कुंडांचं पाणी उकळीला टेकलेलं असतं आणि कडेची पांढरी जमीन दिसते टणक पण असते पापुद्र्याएवढी. २०१६ मध्ये नॉरिस भागात २३ वर्षांचा एक मुलगा फळ्या सोडून गेला आणि कुंडात पडला, मृतदेहही हाती लागला नाही. बरं, फळ्यांवर आहोत म्हणजे सेफ असंही नाही, जुलै २०२४ मध्ये तिथल्याच बिस्किट बेसिन नावाच्या भागात जमिनीखालच्या वाफेचा स्फोट होऊन फळ्याच उखडल्या, लोक पळाले, सुदैवाने कोणाला लागलं नाही.

पुढच्या लेखात या गोष्टी चौकटीत छापा ही विनंती. आणि वाऱ्याने टोपी उडाली तर तिच्यामागे जाऊ नका, रेंजरला (उद्यानाच्या रक्षकाला) सांगा, हेही त्यात टाका.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली